दोनशे बारा पावलं

उद्यमबागेत आमची फाउंड्री. बिडाचं काम.
फोनची कोटेशनं तीन आली,
दोन टेबलाच्या काचेखाली,
तिसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल.
मालक म्हणाले, "मुचंडीकर बाई, तुम्हीच ठरवा,
उचलायचे तुम्हालाच आहेत."

हुबळीहून पोरगा आला होता,
सुटकेसमधून हँडसेट काढून मांडत,
रुखवत मांडावा तसा.
कॉर्डलेस म्हणजे, मॅडम, त्याचं स्वतःचं ठाणं,
भिंतीवर एक पांढरी डबी, फक्त आवाजासाठी.
वायफायवाला ऑफिसच्या नेटवर बसतो,
बिलं, कॅमेरे, मालकांच्या नातवाचं कार्टून,
त्या गर्दीत अंग चोरून.

मी म्हटलं, सांगू नकोस. चालून बघू.

इराप्पा मडिवाळर हँडसेट घेऊन निघाला
आकडे मोजत,
मी टेबलाशी, वही उघडून.
ओंदु, एरडु, मूरु.
मशीन शॉप ओलांडलं. नाल्कु, ऐदु.
वाळूच्या ढिगाशी आवाजाला खर आली.
क्रेनखाली आरु ऐकला, मग एकदम एंटु.
"इराप्पा, सात कुठं गेला?"
"इल्ले इत्तल्ला बाई, आत्ताच दिला की तुम्हाला!"

हा कॉर्डलेस.
वायफायवाल्यानं पत्र्याच्या शेडात
बारापासून एकोणीसपर्यंत सगळे गिळले.

हँडसेटमध्ये भाषा निवडायची सोय होती.
डच, तुर्की, पोर्तुगीज, अजून कुठल्या कुठल्या.
कन्नड नाही. मराठी नाही.
पाटीवरच्या अक्षरांची उंची मोजायला
जिथं टेप घेऊन माणसं येतात,
तिथं आम्ही दोघं त्या एवढ्याशा काचेत डोकं घालून
पोट धरून हसलो.
"असू दे की," इराप्पा म्हणाला,
"खाली तीनदा, मग हिरवं बटण. एवढं अंगठ्याला कळतंय."

पोरग्याला एक गोष्ट सांगितली नाही.
गेल्या मार्गशीर्षात लॅडल कलंडला
तेव्हा बाळेश नाईक भट्टीपासून पळाला
ऑफिसच्या भिंतीवरच्या काळ्या फोनपर्यंत,
एका पायात बूट.
सिद्रामचा पाय वाचला, दोन बोटं नाही वाचली.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मी ते अंतर चालून मोजलं.
दोनशे बारा.
माझी पावलं. त्याची कमी भरली असतील.
कोटेशनात ह्याला रकाना नसतो,
वॉरंटी एक वर्ष, जीएसटी वेगळा.

"बॅटरी दहा तास," पोरगा म्हणत होता,
आणि लाइट गेली.
पंखे सावकाश थांबले.
डबीवरचा हिरवा ठिपका विझला, दोन्ही हँडसेट
कुणाला तरी शोधत टुकटुक करायला लागले.
पोरग्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
"यूपीएस लागेल, मॅडम. तो वेगळा."

तेवढ्यात भिंतीवरचा काळा फोन वाजला.
लाइट गेली हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
कागलहून ड्रायव्हर, गाडी टोलनाक्यावर अडकलीय,
कागद हिंदीत चालतील का विचारतोय.
मी वायर बोटाभोवती गुंडाळत बोलले,
सवयीनं, वीस वर्षांच्या.

ऑर्डर लिहिली.
कॉर्डलेस सहा. यूपीएस एक.
क्रेनच्या खांबावर अजून एक डबी, सातासाठी.
शेवटी शेरा:
काळा फोन काढू नये, त्याची वायर
भट्टीच्या दारापर्यंत ओढावी.
मालकांनी वाचलं, चष्मा वर केला, सही केली.
वायफायवाल्या कोटेशनाच्या पाठीवर आता
चहाचा हिशेब असतो.

भट्टीच्या कॉर्डलेसला नंबर दिला सात.
पहिल्याच रात्रपाळीत, मी निघताना, तो वाजला.
पर्स खाली पडली. उचलला.
"काय झालं? बाळेश? कोण?"
मागं भट्टीचा घरघराट, कुणीतरी हसलं.
"काय नाही, बाई," तो म्हणाला,
"बघत होतो."