सत्तरपैकी

शारजात, रोल्याला, सोन्याच्या दुकानांवरच्या मजल्यावर
आमची खोली. खिडकी नाही;
ऊन नाण्याला चालत नाही, दमट वाराही नाही.
मान वाकवलेला एक दिवा,
पाचपट दाखवणारं भिंग,
आणि मी, नसीम चौगुले, गुहागरची,
सुती हातमोज्यांत दिवसाचे नऊ तास.

नाणं कडेने धरायचं. त्याच्यावर बोलायचं नाही,
थुंकीचा कण दहा वर्षांनी काळा ठिपका होऊन उगवतो.
चांदीवरचे दुधाळ डाग, मऊ प्लास्टिकचा हिरवा घाम,
थैलीतल्या शेजाऱ्यांनी काढलेले ओरखडे,
सगळं बघायचं आणि एक आकडा लिहायचा, सत्तरपैकी.
सत्तर म्हणजे जणू कुणाचा हातच लागला नाही.
चार वर्षांत मी सत्तर लिहिलं
अकरा वेळा.

गुरुवारी सुकाजी खवणेकर आले.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात डबी,
निळी, टांकसाळीच्या पातळ कागदात अजून सीलबंद.
मुदीरने दिलेली, सव्वीस वर्षांपूर्वी,
बंगल्याची शेवटची लादी बसली त्या संध्याकाळी.
तेव्हापासून किती खोल्या झाल्या,
वरचा पलंग, खालचा पलंग, एकदा तर गच्चीच.
डबी उघडली नाही.

मी नियम सांगितला:
कागद कापला की तो पुन्हा जुळत नाही,
न कापता मला आकडा देता येत नाही.
काही लोक तशीच विकतात, झाकली मूठ.
"सव्वा लाख माका नको गो," ते म्हणाले,
"सोमवारी घराक चल्लंय, कायमचो.
किती भरला ता बघून जातंय."

अर्जाला अंगठा लागतो.
काचेवर त्यांनी ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा.
पँटीला घासून ठेवला. पुन्हा.
जिभेने ओला करून. पुन्हा.
"सिमिटान खाल्ल्यान," ते म्हणाले,
"विमानतळारय असाच करता."
मग सही घेतली.
'सुकाजी' नीट आलं, आडनाव 'खव'पाशी थकलं.

मी कापलं.
सव्वीस वर्षांपूर्वीची चिमूटभर हवा
बाहेर आली असणार. वास कसलाच नव्हता.
आरशासारखी भुई, तिच्यावर गलबत,
शिडाची शिवण न शिवण मोजावी अशी.
मी नाणं दिव्याखाली कलतं केलं
आणि गलबताच्या तळाशी, पाण्याच्या रेघेवर,
तपकिरी वेढे दिसले, एकात एक,
चांदीत मुरलेले.

अंगठा.

सील तर माझ्यासमोरच तुटलं होतं.
म्हणजे टांकसाळीतलाच कुणीतरी.
डबीत बसवताना नाणं निसटलं असेल,
जेवणाची घंटा झाली असेल,
हातमोजा नुसता ओला झाला असेल.

"त्रेसष्ट," मी म्हटलं. "ठसा नसता तर अडुसष्ट."
त्यांनी भिंगाला डोळा लावला,
मी सांगितल्याप्रमाणे श्वास धरून,
इतका वेळ की मलाच श्वास घ्यावासा वाटला.
मग मान वर न करता म्हणाले,
"बरो उठलोहा."

द्रावणात बुडवलं तर फिका होतो, मी सांगितलं,
पण थोडी चांदी जाते, आकडा आणखी उतरतो.
"मगे रवांदे."

नाणं जाड प्लास्टिकच्या चौकटीत बंद केलं.
चिठ्ठीवर साल, धातू, त्रेसष्ट,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे मी कधी काही लिहीत नाही,
लिहिलं: ठसा, मूळचाच.

रिकामी डबी त्यांनी उलटसुलट पाहिली,
स्पंजातल्या गोल खड्ड्यात बोट फिरवलं.
"बरी आसा. साखरेचे गोळये रवतले."
दारापर्यंत गेले आणि परत आले,
तो कापलेला कागद हवा होता.
मी तो टोपलीत टाकला होता.
वाकून शोधला,
दोन्ही तुकडे, हातमोज्यांनिशीच,
कडेने धरून दिले.