झाकणं

शिकागोत तीन वर्षं झाली तरी मला शहर
बसच्या खिडकीएवढंच माहीत होतं:
घर, पॅथॉलॉजी लॅब, डाळ-तांदळाचं दुकान, घर.
त्या शुक्रवारी आठ नंबरच्या बसमध्ये झोप लागली,
भलत्याच थांब्यावर उतरले
आणि हॅल्स्टेड रस्त्यावरची दारं
रात्री आठलाही उघडी दिसली.

एका दारात मक्याच्या सालींचे मुखवटे.
एका तळघरात फक्त खुर्च्या,
बसायची परवानगी नसलेल्या.
एक पोरगा काचेच्या पेल्यांवर ओलं बोट फिरवत होता
आणि वीसेक माणसं कोट न काढता ऐकत होती.
मी उंबऱ्यावरूनच बघायची. तिकीट असेल,
कुणी विचारेल, तुम्हाला यातलं काय कळतं?
कुणी विचारलं नाही.
एकानं नुसती हातावर द्राक्षं ठेवली.

शेवटचं दार बंद पडलेल्या लॉन्ड्रीचं.
दोरीला चिमटे, चिमट्यांना कागद,
प्रत्येक कागदावर एक काळं वर्तुळ:
जाळी, मधमाश्यांचं पोळं,
चौकटी, चौकटींत चौकटी,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक सही.
मी रांगोळी म्हणणार होते, जीभ आवरली.

"गटारांची झाकणं," डोलोरेस कुबियाक म्हणाली.
वय बहात्तर, त्यातली अठ्ठावीस सिटी बस चालवण्यात.
"इतकी वर्षं यांच्यावरून गेले,
खाली बघितलं ते रिटायर झाल्यावर."

एका कागदापाशी मी थांबले.
नक्षी संपते तिथं, कडेला,
इंग्रजीतली पाच अक्षरं: इंडिया.

अप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरायचे.
वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद उचलायचा,
मागं उरलेल्या पोकळीत
एखादं अक्षर ढासळलं तर दाभणानं सावरायचं.
वाळूत अक्षरं उलटी असतात.
शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी ते वाळूतच शिकले,
म्हणून बँकेच्या फॉर्मवर त्यांचा एन कायम
आरशातून आल्यासारखा.
क्लार्क हसायचा.
मीही हसले होते, नववीत.

हे झाकण त्यांचंच, असं मी म्हणणार नाही.
देशात भट्ट्या काय कमी आहेत?
डोलोरेसलाही काही बोलले नाही.
एवढंच सांगितलं, की नक्षी पाय घसरू नये म्हणून असते,
आणि वाळूतून पॅटर्न सोडवताना
श्वास धरावा लागतो.
"थांब," ती म्हणाली, दुकान तसंच टाकलं,
कागद नि मेणाचा खडू घेऊन मला रस्त्यावर नेलं.

वारा तळ्यावरून येत होता.
कागदाच्या चार कोपऱ्यांवर तिचे दोन बूट, माझी पर्स,
आणि द्राक्षंवाल्याचा गुडघा, तोही मागोमाग आलेला.
एका गाडीनं हॉर्न दिला.
डोलोरेसनं नुसता हात वर केला, गाडी थांबली.
मी घासत राहिले. आधी नुसता डाग,
मग कड, मग पोळ्याची घरं,
मग खालून पाण्याचा आवाज,
तो काही कागदावर आला नाही.
"सही कर," ती म्हणाली.
खडू हातातच राहिला.

फोटो पाठवला तेव्हा कोल्हापुरात सकाळ होती.
दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
पाऊण तासानं फोन:
"अक्षरं सुलटी आलीत की गं."
मग जरा थांबून,
"कड मात्र जाड सोडलीय. कुणी भरलंय हे?"
मी म्हटलं, नाव नाही त्यावर.
"नसतंच," अप्पा म्हणाले,
आणि पुन्हा कडेवर आले.