तक्ता तिसरा

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत
माझाच निबंध पिशवीत धरून उभी आहे.
तो वाचायला एकोणचाळीस डॉलर पडतात.
मलाही पडले असते,
पण आमच्या ग्रंथपालानं दार जरा किलकिलं ठेवलं.

आत कोरगूट आहे,
खाजणातल्या खाऱ्या चिखलात मान वर काढणारं भात:
मुळांतलं सोडियम, फुटव्यांची सरासरी,
आणि बियाण्याचा स्रोत, ‘स्थानिक’.

स्थानिक म्हणजे रुझारीन.
बिस्किटांच्या डब्यातून तिनं ओंजळभर दिलं होतं,
वर मूठभर सोलं.
पावती कुणी मागितली नव्हती.

तिच्या बलकांवावर बसून मी वाचते,
इंग्रजीतून कोकणीत, अडखळत.
ती कोळंबी सोलते आहे,
मानशीवर राखण करणारा कायतान पायरीवर.

तिसऱ्या तक्त्याशी तिचा हात थांबतो.
“हे चूक.
त्या वर्षी अवसेच्या भरतीला मानशीची फळी फुटली.
पाच दिवस नदी शेतात होती.
भात हरलं नाही बाय, हा झोपला होता.”
कायतान कौलं मोजू लागतो.

तीन परीक्षकांनी तपासला होता निबंध.
फळीचं कुणी विचारलं नाही.

मी समासात पेन्सिलीनं लिहून घेते.
ती कागद मागते, सगळे.
“नातू वाचील.
मग पलीकडच्या मेरेवर देईन, बी देतो तसे.”

उठताना
शेवटचं पान तेवढं परत करते,
आभाराचं.
“ह्यात भात नाही.”