पत्ता अपुरा

अकराशे त्रेसष्ट डिस्क.
कैवल्यनं तळहाताएवढी काळी डबी आणून दिली,
म्हणाला, आबा, सगळं यात मावतं.
त्याला बैठकीतलं कपाट हवंय,
पण तसं तो म्हणाला नाही.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
कूलरचा पंप मधूनच गुळण्या करतो.
एक डिस्क आत, सहा मिनिटं, एक डिस्क बाहेर.
येते ती गरम,
तव्यावरून उतरवल्यासारखी.

मला या कामाची सवय आहे.
एकतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये रात्रपाळी:
इटारसीचं इटारसीच्या खणात,
बल्लारशाचं बल्लारशाच्या,
बडनेरा, गोंदिया,
डबा हलतोय, हात चुकत नाही.
त्याच रात्रींच्या भत्त्यातून आल्या या सगळ्या,
सीताबर्डीवरून, एकेक.
मंदाकिनी विचारायची, नवी का?
मी म्हणायचो, जुनीच आहे.

संगणक नावं आपली आपण आणतो:
राग, ताल, साल, तबल्यावर कोण.
क्वचित चुकतो.
परवा मारव्याला पूरिया म्हणाला.
माफ केलं. माणसंही म्हणतात.

आठशे बाराव्या डिस्कला अडला.
कलाकार: अज्ञात.
गाणं एक, गाणं दोन, असं नऊपर्यंत.
झेरॉक्सचं कव्हर, त्यावर निळी शाई ओघळलेली,
आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी:
रामटेकेला परत.
खाली तारीख. एकोणीस वर्षं.

रामटेके. समोरचा रॅक.
रात्री दोनला डबा उघडायचा,
जवसाची चटणी आधी माझ्याकडे सरकवायचा.
एका एप्रिलमध्ये ही दिली होती.
ऐकून पाहा बे, घाई नाही.

मी घाई केली नाही.

भीमगीतं आहेत एवढं कव्हरवरून कळलं,
आणि ख्यालांच्या खालच्या कप्प्यात
भिंतीकडे तोंड करून ठेवली.
त्यानं दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा म्हटलं, छान आहे.
तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.
चटणी मात्र येत राहिली.

आता हेडफोन लावला.
ढोलकी, पेटी, मागे कोरसमध्ये बायका
आणि एक आवाज,
वरच्या पट्टीत चढताना जरा फाटणारा,
फाटतो तिथेच धरून ठेवणारा.
चौथ्या गाण्यात ड्राइव्ह अडखळला,
मागे गेला, पुन्हा तीच ओळ, पुन्हा.

आमच्याकडे अशा पाकिटावर शिक्का असायचा: पत्ता अपुरा.
चांगला सॉर्टर तो सहसा मारत नसे.
शाई पुसलेली, गावाचं नाव अर्धं,
तरी उजेडाला धरून सांगे, हे उमरेडचं.

फोन बंद लागला. स्कूटर काढली.
इंदोरा चौक, मग आत, मग विचारत विचारत.
दार मुलीनं उघडलं. संघमित्रा.
डिस्क पुढे केली, म्हटलं,
यात कोण गातं तेवढं हवंय,
नाव लिहायचं राहिलंय.
ती हसायलाच लागली.
बाबाच तर आहेत काका. तुम्हाला माहीत नव्हतं?

तो मागे, मोगऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होता.
वाकलेला. डाव्या कानात मशीन.
डिस्ककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
पाईप तसाच चालू, पाणी स्वतःच्याच पायावर.

मंग, ऐकली का?

म्हटलं, आता ऐकून राहिलो.

घरी येऊन रकाना भरला:
हरिदास सूर्यभान रामटेके.
चौथं गाणं अडतं तिथे अडू दिलं.
साल विचारायचं राहूनच गेलं,
कोरसमधल्या बायकांचंही.
उद्या पुन्हा जावं लागेल.

बाकी तीनशे एक्कावन्न.
कैवल्य विचारतोय, कपाट कधी.