बाकी

गर्लगुंजीच्या माळावर, दहा फूट खाली,
सिमेंटच्या चौथऱ्यावर यंत्र बसलंय.
सेकंदाला शंभर आकडे.
एवढे सगळे बेंगळुरूला पाठवायचे तर
टॉवरची रेंज पुरत नाही,
म्हणून ते मागचा आकडा लक्षात ठेवतं
आणि पुढच्यातून वजा करतं.
उरते ती बाकी. तेवढीच पाठवतं.

जमीन गप्प असली की
अख्ख्या दिवसाचा माळ
बिडीच्या पानाएवढा होतो.

अर्थ लावायचं कामही आता त्याच्याकडेच:
छोट्या सरासरीला मोठीनं भागतं,
भागाकार चारच्या वर गेला की नाव देतं.
रेल्वे. क्वारी. भूकंप. गोंगाट.
परवा कोयनेकडचा एक बारका धक्का
अर्ध्या मिनिटात इथं पोचला,
वाटेत कुठं उतरून गाडी बदलली नाही.
यंत्रानं ओळखला. मी चहा घेत होते.

पूर्वी ड्रमवर कागद फिरायचा
आणि कल्लाप्पा मुतगेकर, पहारेकरी, सातवी नापास,
समासात पेन्सिलीनं लिहायचा:
'अकरा वीस. नंदीहळ्ळीकडं सुरुंग.'
'उसाची ट्रॉली, दोन डबे, भरल्याली.'
'पाखरेंची म्हस सुटली.'
एकदा नुसतंच: 'काय की.'

यंत्राच्या यादीत 'काय की' नाही.
खात्री त्र्याण्णव टक्के, खात्री एक्क्याऐंशी टक्के.
त्याखाली सगळा गोंगाट,
आणि गोंगाट तीस दिवसांनी पुसला जातो.

पहिल्या वर्षी रोज रात्री तीनला
ठोक्यांची एक बारीक ओळ यायची,
सात मिनिटं, खड्ड्याभोवती,
डावा ठोका उजव्यापेक्षा जरा जड.
यंत्र म्हणायचं: गोंगाट.
टिळकवाडीत बसून मला कळायचं,
याचा गुडघा अजून दुखतोय.

मार्चअखेर तो रिटायर झाला,
लेकीकडं कोवाडला गेला.
एप्रिलचा अहवाल आला:
स्थानकाची गुणवत्ता सुधारली. उत्तम.

शेवटच्या तीस दिवसांची फाइल
पुसायच्या आधी मी उतरवून घेतली,
न दाबता, सगळे आकडे.
साहेब म्हणाले, कशाला? जागा खाते.
खाते.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला.
"पोरी, म्हस वळकतंय काय आता ते?"
नाही, म्हटलं.
"होय की. बाकी काय?"

मी पडद्याकडे बघितलं.
शून्य, शून्य, उणे एक, शून्य.
मघाशी एक ट्रॉली गेली, म्हटलं.
"भरल्याली का रिकामी?"

थांबा मामा.
बघते.