खालच्या ओळी

खोलीत सहा जण. इंग्रजी मला एकट्याला येतं,
तेही बारावीपर्यंतचं, दापोलीचं,
म्हणून मला मास्तर म्हणतात.
मल्लेशचं करारपत्र मी वाचलं,
ओव्हरटाइम कंपनीच्या मर्जीनुसार.
थापाच्या विम्याचा कागद मी वाचला,
दात त्यात धरत नाहीत हेही मीच सांगितलं,
तो दाढेत लवंग धरून बसला होता तेव्हा.

ऑक्टोबरात यासीन हमदुले फोन घेऊन आला.
अजमान, अल जुर्फ, रात्रीचे अकरा.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मास्तर, पैसे लागलेत. काढायचे कसे ते बघ.

पंच्याऐंशी डॉलर.
फुकटच्या पन्नास फिरक्यांवर, फळांच्या खेळात,
तीन कलिंगडं एका रांगेत आली म्हणे,
पडद्यावर नाणी सांडली,
आवाज बंद होता, बाकीचे झोपलेले.
तीनशे बारा दिरहम. त्याने आधीच वाटून टाकलेले:
हर्णैच्या घराला पन्हळ,
मुलीला टाच टेकली की लाल दिवा लागणारे बूट,
उरलेल्यात मटण, सगळ्या खोलीला.

मी बोटाने पान वर सरकवलं.
सरकवलं.
सरकवलं.
तळाशी मुंगीच्या पायाएवढी अक्षरं,
राखाडीवर राखाडी.
असल्या अक्षरांना मी ओळखतो.
चिपळूणच्या एजंटाच्या कागदावरही ती होती,
‘राहणं-खाणं मोफत’च्या पोटाशी निजलेली.

चाळीस पट खेळल्याशिवाय रक्कम निघणार नाही.
म्हणजे?
बकाल्याच्या बिलामागे गुणाकार मांडला:
तीन हजार चारशे डॉलर,
बारा हजार चारशे अठ्ठ्याहत्तर दिरहम.
तुझा नऊ महिन्यांचा पगार, मी म्हटलं.
नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो, तो म्हणाला,
आणि हसला, आणि मग हसायचा थांबला.

शिवाय सात दिवसांत.
एका वेळी दोनच डॉलर लावून.
आणि हे सगळं पार केलंस,
लाख जिंकलास, तरी हातात शंभर.
शंभर म्हणजे कमीत कमी की जास्तीत जास्त?
दोन्ही. शंभराखाली काढता येत नाही,
शंभरावर ते देत नाहीत.
म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड, तो म्हणाला.
त्यांचं घर जाळी शिवणाऱ्यांचं. त्याला नेढं माहीत.

खेळू नकोस म्हटलं. त्याने मान डोलावली.
आठवडाभर खेळला.
अजान झाली की फोन उपडा ठेवायचा,
नमाज संपली की सरळ.
शुक्रवारी मी बाकी विचारली: चार डॉलर वीस.
खिशातले पन्नास दिरहमही त्यात गेले होते,
ते त्याने नंतर, गच्चीवर,
तोंडात चिमटा धरून, युनिफॉर्म वाळत घालताना सांगितलं.
मला नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

मग एक जानेवारी.
पुन्हा फोन पुढे. वाच.
प्रिय यासीन, वाढदिवसाच्या शुभेच्छा.
बरेच दिवस दिसला नाहीस. आम्हाला तुझी आठवण येते.
तुझ्यासाठी दहा फिरक्या राखून ठेवल्या आहेत.

कंपनीत त्याचा नंबर चार हजार एकसष्ट.
घरी वाढदिवस करायची रीत नाही;
जन्म आंब्याच्या दिवसांतला, एवढंच आई सांगते.
पासपोर्टवरची तारीख एजंटाने टाकलेली.

पुन्हा वाच, तो म्हणाला. आपल्या भाषेत. सावकाश.
मी वाचलं. फिरक्यांपर्यंत आलो, थांबलो.
खाली राखाडी ओळी होत्या, सहा की सात.
त्या मी वाचल्या नाहीत.
त्यानेही विचारलं नाही.

एसी बंद होता. बादलीत कुणाचे तरी मोजे भिजत होते.