कलम

देवगडच्या कोर्टाबाहेर, ताडपत्रीखाली माझं टेबल.
प्रतिज्ञापत्र, वाटपपत्र, नकलेचा अर्ज.
प्रिंटरवर शाल, कारण खारा वारा आधी लोखंड खातो,
मग अक्षरं.

नवे कायदे आले त्या आठवड्यात
बाररूमच्या भिंतीवर कुणीतरी तक्ता चिकटवला:
डावीकडे जुने आकडे, उजवीकडे नवे.
पुजारेवकिलांनी चष्मा कपाळावर नेला.
चाळीस वर्षांचं पाठांतर, म्हणाले, एका रात्रीत रद्दी.
चहा ठेवता ठेवता गुंडूनं विचारलं,
मग आमच्या साडूला आता
चारशेवीस म्हणायचं, की तीनशे अठरा?

आमच्या मुलखात कलम म्हणजे आधी झाड.
वासुदेव मिठबावकराची चौदा कलमं, ऐन धरती,
तीस जूनच्या रात्री कुणीतरी कोयतीनं
बुंध्याभोवती सोलून ठेवली,
हातात बांगडी भरावी इतक्या निगुतीनं.
संशय चुलतभावावर. वाटपाचा दावा अठरा वर्षं चालू आहे,
त्याचे कागद मीच टाइप केलेत. दोघांचेही.

आणि त्याच रात्री बाराला कायदा बदललेला.

कोयती बाराच्या आधी चालली, तर चारशे सत्तावीस.
नंतर, तर तीनशे चोवीस.
तोरसकरबाई माझ्या टेबलावर कोपर टेकून म्हणाल्या,
गुन्ह्याच्या क्षणी जो कायदा, तोच लागू.
क्षण बघितला कोणी? पुजारे म्हणाले.
आणि तपास नव्यानं, शिक्षा जुन्यानं?
म्हणजे वरात एका घरची, नवरी दुसऱ्या घरची!
होय, तसंच, बाई म्हणाल्या, आणि माझा स्टेपलर
मागितल्याशिवाय घेऊन गेल्या.

साक्षीदार एकच. इंदू कुबल, वय एकसष्ट,
त्या रात्री बॅटरी घेऊन खडपावर कुर्ल्या धरत होती.
वर बागेत खटखट ऐकली.
किती वाजले होते?
घड्याळ खय माझ्याकडे, सायबानू. पाणी उतरत होता.

बाईंनी तिथल्या तिथे पाठीवर हिशोब केला, म्हणजे
ब्रीफच्या पाठीवर: वद्य दशमी. दहा त्रिक तीस, भागिले चार.
साडेसातला भरती भरली. दीडला पुरती सुकती.
पाणी उतरत होतं सहा तास.
बारा वाजले ते त्या उतारातच कुठेतरी,
ओल्या दगडावर, शेवाळात.

किती उतरलं होतं? पुजारेंनी विचारलं, आवाज न चढवता.
इंदूनं दोन्ही हात पुढे केले,
मग एक हात खाली नेला, थोडा वर आणला,
परत खाली.
कासवखडपाची पाठ दिसत होती. मान नाय.

न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं: साक्षीदार हातानं दाखवते.
हात किती खाली, ते नोंदीत आलं नाही.
तारीख पडली, दिवाळीनंतरची.

जाताना इंदू माझ्याकडे थांबली.
मी काय बोललंय तां वाच बघू.
मी वाचलं. ती म्हणाली, बाराचा तुमी घातलास. माझा नाय.

काल वासुदेव नकलेसाठी आला होता.
नऊ झाडं गेली. पाच झाडांना
सांध्याच्या खाली, जिथे हापूस कधी नव्हताच,
रायवळाचे फुटवे आलेत, लाल, चिकट.
त्यांचं काय करायचं, म्हणाला, ठेवू की काढू?

मी अर्ज उघडला. कलम, लिहिलं,
आणि आकड्याची जागा सोडून
त्याच्यासाठी चहा सांगितला.